राजापूरच्या वखारीचा पत्रव्यवहार व टोपीकरांची परस्परस्पर्धा

शिवकालाच्या इतिहाससाधनांत टोपीकरांच्या पत्रव्यवहाराचें महत्त्व आतां कोणास नव्यानें पटवून देण्याची आवश्यकता राहिलेली नाहीं. विल्यम फॉस्टर यांनीं हिंदुस्थानांतील इंग्रज वखारींचे १६१८ पासूनचे कागद खंडशः संपादून दिले, पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ सालीं शिवकालीन इंग्रजी पत्रें एकत्र छापलीं, डॉ. बाळकृष्ण यांनीं वलंदेजांचे कागद अभ्यासकांपुढें ठेवले, आणि गोव्याचें दफ्तर पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं जन्मभर खपून बोलकें केलें. या सर्वांचें ऋण मोठें आहे. परंतु त्या ऋणाबरोबर एक समजूतही आपल्या मंडळींत रूढ होऊन बसली आहे, ती अशी कीं बखर म्हणजे कच्चा पुरावा व वखारीचें पत्र म्हणजे पक्का. वादांत एका बाजूनें इंग्रजी पत्राची तारीख पुढें केली कीं दुसऱ्या बाजूनें मान खालीं घालावी, असा प्रघात आम्ही अनेक सभांतून पाहिला आहे. स्वतः आम्हींही एकेकाळीं अशी मान खालीं घातली आहे.

न्यायशास्त्रानें शब्द हें प्रमाण मानिलें आहे, पण वाटेल त्याचा शब्द नव्हे; आप्ताचा शब्द. वस्तु जशी आहे तशी जाणणारा, आणि जाणली तशीच सांगण्याची इच्छा धरणारा, तो आप्त. यांपैकीं पहिलें लक्षण वखारीच्या कारकुनास पुष्कळ वेळां लागू पडतें. तो प्रसंगीं हजर असे, त्याच दिवशीं किंवा आठ-पंधरा दिवसांत लिही, आणि त्याला आंकड्यांची संवय असे. दुसरें लक्षण मात्र त्यास लागू पडतें कीं नाहीं हें पत्रागणिक तपासून पाहिलें पाहिजे. कारण ही पत्रें इतिहासाकरितां लिहिलेलीं नाहींत. तीं मालकांस हिशेब देण्याकरितां, झालेल्या तोट्याचें खापर दुसऱ्याच्या माथीं मारण्याकरितां, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हालचालींचा सुगावा कळविण्याकरितां लिहिलेलीं आहेत. पत्र अस्सल आहे एवढ्यावरून त्यांतील मजकूर सत्य ठरत नाहीं. राजापूरच्या इंग्रज वखारीचें प्रकरण या दृष्टीनें आम्ही पुन्हां एकदां वाचून पाहिलें, त्याचें फळ येथें मांडीत आहों.

प्रथम या पत्रांची जातकुळी समजून घ्यावी. लंडनच्या इंग्रज कंपनीस १६०० सालच्या ३१ डिसेंबरास सनद मिळाली व वलंदेजांची संयुक्त कंपनी १६०२ त स्थापन झाली. इंग्रजांचें पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणें सुरत, तर वलंदेजांचें पूर्वेकडील मुख्य ठाणें १६१९ पासून जावा बेटांतील बटाव्हिया. सुरतेस अध्यक्ष व त्याचें मंडळ असे. राजापूर, कारवार इत्यादि वखारी त्या मंडळाच्या हुकमतींत. दुय्यम वखारींतून सुरतेस पत्र जाई तें पायदळ जासुदांबरोबर. इंग्रजी कागदांत या जासुदांस ‘पत्तेमार’ म्हटलेलें आढळतें. तेंच नांव पुढें किनाऱ्यावरच्या एका गलबतास चिकटलें. सुरतेहून विलायतेस जाणारें पत्र वर्षाच्या आरंभीं वाऱ्याची अनुकूलता पाहून निघणाऱ्या जहाजांतून जाई. एकाच पत्राच्या दोन तीन नकला निरनिराळ्या जहाजांतून पाठवीत, कारण एक बुडालें किंवा शत्रूनें धरलें तर दुसरें पोंचावें. कधीं एखादी नकल बसरा व हलब या खुष्कीच्या वाटेनेंही जाई. मालकांचें उत्तर यावयास दीड दोन वर्षें लागत. म्हणजे सुरतेच्या मंडळानें आज केलेल्या कृत्याचा जाब दोन वर्षांनीं विचारला जाणार, आणि तोंपर्यंत आपली बाजू कागदावर नीट मांडून ठेवणें हाच बचाव. ज्याला असा जाब द्यावयाचा असतो त्याची लेखणी कशी चालते, हें कोणत्याही कचेरींत नोकरी केलेल्या माणसास सांगावयास नको.

आणखी एक अडचण तारखांची. इंग्रज त्या काळीं जुन्या ज्युलियन गणनेनें चालत. फिरंगी व हॉलंडचे वलंदेज नव्या ग्रेगोरियन गणनेनें. दोहोंत दहा दिवसांचें अंतर. त्यांतून इंग्रजांचें वर्ष २५ मार्चास सुरू होई, म्हणून जानेवारी, फेब्रुवारी व मार्चचा बहुतेक महिना यांतील त्यांच्या पत्रांवर मागील सालाचा आंकडा असतो. हें ध्यानांत न ठेवल्यास काय घोटाळा होतो त्याचें उदाहरण पुढें येईलच.

आतां स्पर्धेविषयीं. मसाल्याच्या बेटांतून इंग्रजांस हुसकून लावण्याचा वलंदेजांचा उद्योग १६२३ च्या अंबोयना येथील कत्तलीनें जगजाहीर झाला. तेव्हांपासून लवंग, जायफळ यांचा मुख्य पुरवठा वलंदेजांच्या हातीं गेला. इंग्रज मकासरच्या बाजारांतून चोरवाटेनें थोडी लवंग मिळवीत, तीही वाट वलंदेजांनीं १६६७ त मकासरच्या सुलतानास नमवून बंद केली. राहिला मिऱ्यांचा व्यापार. मिरें मलबारांत पिकतें, कारवारच्या वरच्या घाटांत पिकतें, व तेथून तें कोंकणच्या बंदरांत उतरतें. इंग्रजांनीं १६३५ च्या जानेवारींत सुरतेचा अध्यक्ष मेथवोल्ड यास गोव्यास पाठवून फिरंग्यांशीं तह केला, तो वलंदेजांच्या धाकानें. वलंदेजांनीं लागलीच दुसऱ्या वर्षापासून दरसाल गलबतें आणून गोव्याच्या तोंडाशीं नाकेबंदी सुरू केली, आणि त्या आरमारास दाणापाणी व बातमी मिळावी म्हणून १६३७ त आदिलशाही मुलुखांत वेंगुर्ल्यास वखार घातली. इंग्रजांना तर घरचाही प्रतिस्पर्धी भेटला. राजा पहिला चार्लस् यानें कंपनीची सनद कायम असतांच कोर्टीन याच्या मंडळीस पूर्वेकडे व्यापाराची परवानगी दिली, व त्या मंडळीचीं माणसें भटकळ, कारवार, राजापूर या बाजूस येऊन मिरें खरेदी करूं लागलीं. जुन्या कंपनीचे लोक या स्वदेशीय प्रतिस्पर्ध्यांविषयीं जितक्या कडवटपणें लिहितात तितक्या कडवटपणें ते वलंदेजांविषयींही क्वचितच लिहीत असतील. या मंडळीचा पाय निसटल्यावर १६४९ च्या सुमारास कंपनीनें राजापुरीं आपला पाय रोवला.

या चढाओढींत देशी सावकार केवळ प्रेक्षक नव्हता. सुरतेचा विरजी व्होरा हें नांव इंग्रजी पत्रांत १६१९ पासून पुढें पन्नासएक वर्षें येत राहतें. दख्खनी व्यापाऱ्यांनीं सुरतेस आणलेलें मिरें तो एकदम खरेदी करून ठेवी व मग इंग्रजांस आपल्या भावानें विकी. १६२५ त इंग्रजांनीं त्यास वगळून दख्खनांत परभारें मिरें घेण्याचा यत्न केला, तेव्हां त्यानें आपल्या तेथील आडत्यास इंग्रजांपेक्षां चढा भाव देण्यास कळविलें. पत्रांत त्याच्याविषयीं तक्रारींचा पाऊस आहे. आणि त्याच पत्रांत, जहाजें रिकामीं परत जाण्याची वेळ आली कीं, त्याच विरजीकडून कर्ज घेतल्याचे उल्लेख आहेत. १६४२ च्या पत्रांत एक लक्ष रुपयांच्या कर्जाची नोंद येते. तक्रार करणारा हाच ऋणको, आणि ज्याची तक्रार तो धनको. विरजीची जी मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते ती त्याच्या ऋणकोंनीं घडविलेली आहे, हें विसरतां कामा नये.

एवढी पूर्वपीठिका घेऊन राजापुरास येऊं.

१६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाखालीं अफझलखान पडला आणि मराठी फौजा आदिलशाही कोंकणांत उतरल्या. खानाचीं जहाजें दाभोळहून राजापूरच्या खाडींत आसऱ्यास आलीं होतीं. १६६० च्या जानेवारींत दोरोजी नांवाच्या सरदाराच्या हाताखालील मराठी फौज राजापुरास पोंचली व तिनें तीं जहाजें मागितलीं. इंग्रजांचा त्या जहाजांवर डोळा होताच. खानाच्या माणसांकडे त्यांचें येणें होतें. वाद वाढला, आणि मराठ्यांनीं इंग्रजांचा दलाल व फिलिप गिफर्ड या इसमास धरून खारेपाटणच्या किल्ल्यांत ठेविलें. वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन. आपला माणूस सोडविण्याकरितां त्यानें महाराजांस जें पत्र लिहिलें त्यांत, इंग्रजांशीं स्नेह राखल्यास दंडाराजपुरीच्या कामीं समुद्रावरून आपली मदत होईल, असें आमिष दाखविलें. पुढें गिफर्डला दुसऱ्या किल्ल्यावर नेत असतां रेव्हिंग्टनच्या माणसांनीं वाटेंत छापा घालून त्यास सोडविलें, तेव्हां त्या आमिषाचें प्रयोजनही संपलें.

दंडाराजपुरी म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीचें ठाणें. तें घेण्याचा महाराजांचा मनोदय किनाऱ्यावरच्या प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक होता. रेव्हिंग्टनचें वचन सुरतेच्या मंडळाच्या आज्ञेनें दिलेलें नव्हतें, व तें पाळण्याचें साधनही राजापूरच्या वखारींत नव्हतें. कोणी अभ्यासक हें एक पत्र वेगळें काढून इंग्रजांचा कल १६६० त महाराजांकडे होता असें अनुमान करील, तर तें पत्र अस्सल असूनही अनुमान फसेल. कारण त्याच वर्षीं, पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास, हाच रेव्हिंग्टन पन्हाळ्याखालीं सिद्दी जौहराच्या छावणींत आढळतो.

पन्हाळ्याचा वेढा १६६० च्या मार्चांत पडला. विजापूरकरांस इंग्रजांच्या तोफेचे कुलपी गोळे हवे होते, आणि रेव्हिंग्टनला हवी होती विजापूर दरबारची कृपा. राजापूर बंदर त्या दरबारचें, मिरें व कापड घाटावरून येतें तें त्याच मुलुखांतून, आणि वेंगुर्ल्याचा वलंदेज त्याच दरबारीं अर्ज विनंत्या करीत बसलेला. या हिशेबानें रेव्हिंग्टन कांहीं साथीदार व दारूगोळा घेऊन पन्हाळ्यास गेला आणि इंग्रजी निशाण फडकावून गडावर गोळे टाकले. आषाढांतल्या पावसांत, १३ जुलैच्या रात्रीं, महाराज वेढा फोडून विशाळगडास निघून गेले. बाजीप्रभूच्या घोडखिंडीची कथा महाराष्ट्रांतील पोरासही ठाऊक आहे; त्याच वेढ्यांत मिऱ्यांच्या एका व्यापाऱ्याचे गोळे पन्हाळ्यावर पडत होते ही गोष्ट मात्र फारसें कोणी मुलांस सांगत नाहीं.

पुढील वर्षीं, १६६१ च्या मार्चांत, महाराज स्वतः राजापुरास आले. इंग्रज सामोरे गेले ते तेथेंच कैद झाले. वखार खणून काढण्यांत आली. रेव्हिंग्टन, रिचर्ड टेलर, रॅन्डॉल्फ टेलर, गिफर्ड इत्यादिकांस घाटावर नेऊन किल्ल्यांत ठेविलें. वासोटा, सोनगड, रायगड अशीं त्यांचीं ठाणीं बदललीं. कैद्यांनीं सुरतेस पत्रामागून पत्र लिहिलें. आपण कंपनीच्या सेवेंत असतां हें संकट आलें, तेव्हां कंपनीनें आपणांस सोडविलें पाहिजे, आणि मंडळ कांहींच हालचाल करीत नाहीं, हा त्या सर्वांचा सूर. माणूस दोन पावसाळे किल्ल्याच्या कोठडींत काढतो तेव्हां तो असें लिहिणारच, आणि त्यांच्या हालांविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

सुरतेच्या मंडळानें त्यांस जें उत्तर पाठविलें तें या सर्व प्रकरणाचें मर्म आहे. त्याचा आशय असा कीं, तुम्ही कैदेंत कां पडलां हें तुमचें तुम्हांसच उत्तम ठाऊक आहे. कंपनीचा माल राखण्याकरितां तुम्ही पकडले गेलां नाहीं. पन्हाळ्याच्या वेढ्यास जाऊन इंग्रजांचें म्हणून ओळखू येणाऱ्या निशाणाखालीं गोळे फेकलेत, त्याचें हें फळ आहे. आणि तुमच्या जागीं दुसरा कोणीही असता तरी त्यानें असाच सूड घेतला असता. हें उत्तर १६६२ च्या १० मार्चचें. जुन्या गणनेनें त्यावर साल येतें १६६१. हें जो ध्यानांत घेणार नाहीं त्याला असें वाटेल कीं माणसें मार्चांत धरलीं गेलीं आणि त्याच महिन्यांत सुरतेहून त्यांस फटकारणारें उत्तर निघालें. वस्तुतः मध्यें पुरें एक वर्ष गेलें आहे, आणि त्या वर्षांत मंडळानें प्रकरणाची चौकशी करून, आपल्या अंगावर काय येतें व काय नाहीं याचा विचार करून, सावकाश लिहिलें आहे.

आम्ही या पत्राचें वजन इतर दहा पत्रांपेक्षां अधिक मानतों, आणि त्याचें कारण इंग्रजांची सत्यनिष्ठा हें नव्हे. हें पत्र एका इंग्रजानें दुसऱ्या इंग्रजास लिहिलेलें आहे; त्यांत महाराजांस खूष करावयाचें नाहीं, मोगलांकडून सवलत उकळावयाची नाहीं, वलंदेजांस पुढें करून लंडनच्या मालकांकडून पैसा मागावयाचा नाहीं. उलट, महाराजांच्या कृत्यास कारण होतें हें कबूल करणें लिहिणाऱ्याच्या जातीस अडचणीचें आहे. स्वार्थाविरुद्ध बोललेला शब्द न्यायाधीशही ग्राह्य धरतो. अर्थात् त्यांतही एक स्वार्थ शिल्लक आहेच. दोष रेव्हिंग्टनचा ठरला कीं मंडळ मोकळें होतें. रेव्हिंग्टन गोळे घेऊन पन्हाळ्यास जाणार हें सुरतेस आधीं मुळींच ठाऊक नव्हतें असें मानणें आम्हांस जड जातें. म्हणून या पत्रांतील ‘तुम्ही दोषी’ हा भाग आम्ही जपून घेतों, आणि ‘महाराजांस कारण होतें’ हा भाग निःशंकपणें घेतों.

कैद्यांची अखेरची सुटका १६६३ च्या फेब्रुवारींत झाली. त्याच वर्षीं जानेवारींत वलंदेजांनीं फिरंग्यांपासून कोचीन घेतलें. मलबारचें मिरें त्यांच्या मुठींत जाऊं लागल्यावर इंग्रजांस कोंकण कारवारच्या बंदरांची गरज पूर्वींपेक्षां अधिक भासूं लागली. राजापूरची वखार पुन्हां उघडावी व झालेली नुकसानी भरून मिळावी ही मागणी पुढें दहा अकरा वर्षें जी चालू राहिली तिच्या मुळाशीं केवळ बुडालेला पैसा नसून ही मिऱ्यांची गरज होती, असें आम्हांस वाटतें.

मध्यें १६६४ च्या जानेवारींत सुरत लुटली गेली. त्याविषयीं एवढेंच सांगतों. ६ ते १० जानेवारीपर्यंतच्या त्या दिवसांचें इंग्रजी वर्णन अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन याच्या शौर्यानें भरलेलें आहे. त्यानें वखार राखली हें खरें. सुभेदार इनायतखान किल्ल्यांत दडून बसला हेंही खरें. परंतु वलंदेजांनींही आपली वखार राखली, आणि दोघांनींही बादशहाकडे आपापल्या निष्ठेचा दाखला पाठविला. औरंगजेबानें व्यापाऱ्यांस एक वर्षाची जकात माफ केली व टोपीकरांच्या जकातींत पुढेंही सूट दिली. शौर्याचा भाव जेव्हां जकातींत ठरावयाचा असतो तेव्हां वर्णनकाराचा हात सैल सुटतो. याच पत्रांत महाराजांस ‘बंडखोर’, ‘लुटारू’ हीं विशेषणें आहेत. सुरत मोगलांचें बंदर, तेथून दुसरें कोणतें विशेषण जाणार? त्याच इंग्रजांनीं महाराजांस परभारें लिहिलेल्या पत्रांत आदराच्या पदव्यांस तोटा नाहीं.

१६६८ त मुंबई बेट राजा दुसरा चार्लस् याजकडून कंपनीकडे आलें आणि स्पर्धेचें रणांगण दक्षिणेकडे सरकलें. १६७२ त इंग्रज व वलंदेज यांच्यांत तिसरें युद्ध पेटलें. १६७३ च्या फेब्रुवारींत वलंदेजांचा सेनापति रायक्लॉफ व्हान गोएन्स मोठें आरमार घेऊन मुंबईपुढें आला. अध्यक्ष जेराल्ड ऑन्जिअर यानें बेटाची तयारी चांगली ठेविली होती, त्यामुळें तो हल्ला न करतां निघून गेला. याच सुमाराच्या इंग्रजी पत्रांत असें येतें कीं, मुंबई घेण्यास तीन हजार माणसें द्याल तर दंडाराजपुरी घेण्यास मदत करूं, असें वलंदेजांनीं महाराजांस सांगून पाठविलें. आमच्याकडील कित्येक ग्रंथांत ही गोष्ट निश्चित घडलेली म्हणून दिली जाते. घडली नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बातमी देणारा इंग्रज, ती ज्याच्याविषयीं तो त्याचा युद्धांतील शत्रु, आणि बातमीचा उपयोग मुंबईच्या तटबंदीस मालकांकडून पैसा मिळविण्याकडे. शिवाय तेरा वर्षांपूर्वीं रेव्हिंग्टननें दाखविलेलें आमिष तें हेंच! दंडाराजपुरीचें नांव घेतलें कीं महाराजांचे कान टवकारतात, हें टोपीकरांनीं पुरें ओळखलें होतें, आणि एक टोपीकर दुसऱ्याच्या तोंडीं तेंच घालीत होता. अशा वार्तेस वेंगुर्ल्याच्या कागदांचा आधार जोडून मगच ती सिद्धान्त म्हणून मांडावी.

ऑन्जिअरनें राजापूरचें भिजत पडलेलें घोंगडें हातीं घेतलें. १६७२ त स्टीफन उस्टिक, १६७३ त टॉमस निकोल्स, आणि अखेरीस १६७४ च्या मे महिन्यांत हेन्री ऑक्झिंडन अशा वकिलाती महाराजांकडे गेल्या. दुभाषी नारायण शेणवी. मराठी दरबाराकडून बोलणारे मुख्यतः निराजीपंत. इंग्रजी कागदांत या नांवांचीं जीं रूपें झालीं आहेत तीं पाहून हंसूं येतें. निराजीचा ‘नेरागी’ झाला आहे. हंसण्यावारीं न्यावें असें मात्र त्यांत सर्वच नाहीं. दरबारांत मराठींत झालेलें बोलणें दुभाष्याच्या तोंडून इंग्रजींत उतरलें, आणि मग तें सुरतेच्या वहींत नकललें गेलें. महाराजांच्या तोंडचें म्हणून जें वाक्य आपण उद्धृत करतों तें इतक्या गाळण्यांतून आलेलें असतें.

६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेक झाला. ही तारीख जुन्या गणनेची. नव्या गणनेनें १६ जून. ऑक्झिंडन त्या प्रसंगीं रायगडावर हजर होता व त्याची दैनंदिनी प्रसिद्ध आहे. सिंहासनाच्या दोहों बाजूंस सोन्याच्या भाल्यांवर काय काय लटकविलें होतें हें त्यानें जसें पाहिलें तसें टिपलें, कारण त्यांत त्याचा लाभही नव्हता आणि हानिही नव्हती. अशा जागीं तो पूर्ण आप्त. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत तह मंजूर झाला. राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होन द्यावयाचे ठरले, तेही रोख एकदम नव्हे. बरेचसें मालाच्या व जकातींतील सुटीच्या रूपानें. व्यापारास परवानगी मिळाली, जकात शेंकडा अडीच ठरली.

ज्या मंडळानें १६६२ त आपल्या माणसांस ‘हें तुमच्या कर्माचें फळ’ म्हणून लिहिलें त्याच मंडळाच्या वारसांनीं १६७४ त दहा हजार होनांवर सही घेतली, हें पाहून कोणी इंग्रजांस सरळ दांभिक ठरवील. आम्ही तितकें म्हणणार नाहीं. माणसांची कैद हा पन्हाळ्याचा दंड होता, तर वखारींतला माल कंपनीच्या भागीदारांचा होता. दोन्ही गोष्टी व्यापाऱ्याच्या वहींत निराळ्या खात्यांवर पडतात. मात्र तहाच्या वाटाघाटीच्या इंग्रजी हकीकतींत मालाचें खातें जितकें ठळक आहे तितकें पन्हाळ्याचें खातें नाहीं, आणि केवळ तेवढीच हकीकत वाचणाऱ्यास राजापूरची लूट अकारण झाली असें वाटतें. ग्रांट डफपासून पुढें असें वाटणारे पुष्कळ झाले.

तहांत दोन कलमांवर महाराजांनीं जें उत्तर दिलें तें आमच्या मतें सर्व प्रकरणांत मोलाचें. इंग्रजांची मागणी होती कीं मुंबईचें नाणें महाराजांच्या मुलुखांत चालावें. उत्तर मिळालें कीं, प्रजेनें तोटा सोसून नाणें घ्यावें अशी सक्ति करतां येणार नाहीं. कस व वजन बरोबर असेल तर लोक घेतील, त्यांस मनाई नाहीं. दुसरी मागणी अशी कीं, वादळानें किनाऱ्यास लागलेलें इंग्रजांचें जहाज व त्यांतील माल त्यांस परत मिळावा. हें कलम अमान्य झालें. कोंकणच्या जुन्या वहिवाटीप्रमाणें असें जहाज सरकारजमा होतें. आणि एकदां इंग्रजांस हा हक्क दिला तर फरासीस, वलंदेज व इतर व्यापारी तोच हक्क मागतील, हें कारण पुढें करण्यांत आलें. मराठी दरबारास टोपीकरांतील चढाओढ पुरी ठाऊक होती, आणि एकास दिलेली सवलत उद्यां चौघांच्या अर्जांत उमटेल हें त्यानें ओळखलें होतें. हें उत्तर इंग्रज वकिलानेंच नोंदलें आहे, आणि तें त्याच्या विरुद्ध जाणारें आहे. म्हणून तें ग्राह्य.

दरबारची ही व्यापारदृष्टि केवळ परकीयांच्या नोंदींतून सिद्ध करण्याचेंही कारण नाहीं. १६७१ च्या डिसेंबरांत महाराजांनीं कुडाळच्या नरहरी आनंदराव यांस लिहिलेलें मराठी पत्र उपलब्ध आहे. बारदेशचें फिरंगी मीठ स्वस्त पडतें म्हणून व्यापारी तिकडे वळतील व संगमेश्वराकडील आपलें मीठ पडून राहील. यास्तव बारदेशच्या मिठावर जकात अशा हिशेबानें बसवावी कीं तें संगमेश्वरच्या मिठापेक्षां महागच पडावें, असा त्याचा आशय. यांत कोणास शौर्य सांगावयाचें नाहीं, कोणाकडून सूट मागावयाची नाहीं. एक धनी आपल्या अंमलदारास जकातीचा हिशेब समजावून देत आहे. इंग्रज वकील रायगडावर नाण्याचें कलम घेऊन आला त्याच्या अडीच वर्षें आधींचें हें पत्र. तें हाताशीं ठेवून ऑक्झिंडनची हकीकत वाचली म्हणजे निराजीपंताच्या उत्तरांत नवें कांहीं नाहीं असें दिसतें. तीच दृष्टि, तोच हिशेब.

राजापूरची वखार १६७५ त पुन्हां उघडली. त्यानंतरच्या तिच्या पत्रांत मिऱ्यांचा भाव फार थोडा आहे. दहा हजार होनांपैकीं किती माल आला, किती जकातींतून वजा झाला, सुभेदारानें कोणती तारीख दिली व कोणती मोडली, यांनींच तीं पत्रें भरलेलीं आहेत.